पाण्यातले जावई

तेव्हा मी लहान होते. चौसष्टची. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. मला तर त्याच्याही पुढचं वाटायचं, की जे मला कळतं ते बाकी कुणालाच कळत नाही. आता सत्तरीच्या दाराशी उभी राहून त्या चौसष्टच्या पोरीकडे बघते, आणि हसता हसता ठसका लागतो. काय तिचा तो तोरा! काय तिची ती गाळणी!

गाळणीचं सांगतेच. पण आधी दिवाळी.

त्या दिवाळीला लेक आणि जावई पुण्याहून आले. आमची ही एकुलती एक, लग्न उशिरा केलेलं, त्यामुळे दिवाळसणाची माझी हौस चांगली मुरलेली. पाट, रांगोळी, चांदीची वाटी, सगळं मांडून मी तयार. आणि जावई येतात ते जिन्यावरून धापा टाकत, दोन्ही हातांत काचेची ही मोठी पेटी घेऊन.

"आई, ही तुम्हाला दिवाळी."

म्हणजे जावयाला द्यायचं राहिलं बाजूला, जावयानंच सासूला ओवाळणी घातली. आमचे जावई मूळचे ओझरचे, कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले. बोलणं इतकं कमी की पहिल्या भेटीत मला वाटलं, यांची दाढ दुखते आहे. पण त्या दिवशी फिश टँक लावताना त्यांना जी वाचा फुटली! पाणी असं, फिल्टर तसा, हीटर थंडीत बंद करू नका, नर असा वागतो, मादी तशी वागते. मी ओट्याशी अनारसे तळत होते. अनारसा कढईत असताना बाईच्या कानात काही शिरत नाही. तो हसतो की विरघळतो, एवढ्यावर सगळा जीव. जावयांच्या त्या भल्यामोठ्या भाषणातलं एकच वाक्य माझ्यापर्यंत पोचलं.

"मादीला जपा, आई."

म्हटलं, हे मला सांगायला हवं होय? मी तरी आयुष्यभर दुसरं काय केलं?

मासे दोनच होते. ड्वार्फ गुरामी म्हणतात त्यांना, बोटभर लांबीचे. नर म्हणजे येवल्याच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे उलगडलेली पैठणी. अंगभर निळ्या-केशरी तिरप्या रेघा, वळला की चमक मारायचा. आणि मादी? घासून पालथी घातलेली स्टीलची वाटी. दोघांनाही पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर. त्यांनी ते एकमेकांना, झाडांना, काचेला चाचपत फिरायचे, आजोबा अंधारात चष्मा शोधतात तसे. मी पहिल्याच दिवशी नातं लावून टाकलं. मादी ती लेक. नर ते जावई. पाण्यातले जावई.

त्याच संध्याकाळी पाण्याबाहेरच्या लेकीनं बातमी दिली. चौथा महिना लागला होता. मी आधी रडले, मग हसले, मग लगेच हिशेबाला लागले. मागची खोली बाळंतिणीला. डिंक मी स्वतः निवडून आणणार. अळीव, खारीक, बाळंतशोपा. बाळाला न्हाऊ घालणारी बाई मी तेव्हाच मनात ठरवून टाकली, तिचा पत्ता नव्हता तरी.

"आई, बाळंतपण मी पुण्यातच करणार आहे," लेक म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पुण्यात."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुला बघणार कोण तिकडे?"

"हा आहे ना."

मी जावयांकडे बघितलं. ते टँकपुढे मांडी घालून बसले होते आणि माशांना नखाएवढं खाणं टाकत होते.

"हे? हे काय करणार?"

"सगळं," लेक म्हणाली.

मी असं हसले की आमचे हे पेपर बाजूला ठेवून बघायला लागले. लेकीनं माझ्याकडे जे बघितलं, ते मी बघितलंच नाही असं केलं. आयुष्यात एकदाच येणारं लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि ते पुण्यात, एका बाप्याच्या हातात! माझ्या घरात नातवंडाचं पहिलं रडू ऐकू येणार की नाही, याचा तिथेच फैसला करून दोघं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी निघून गेले. मागे राहिले मी, हे, दोन मासे आणि माझा फुगलेला चेहरा.

आता फेसाचं.

आठवड्याभरात टँकच्या एका कोपऱ्यात, पाण्यावर, फेस दिसायला लागला. बारीक बुडबुड्यांचा, पांढरा, चिकट. मी जन्मभर वरणावरचा फेस काढत आलेली बाई. फेस म्हणजे मळी, हे माझ्या हाताला डोक्याआधी कळतं. उठले, चहाची गाळणी घेतली, अलगद फिरवली, फेस साफ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, पुन्हा तेवढाच. पुन्हा गाळणी. तिसऱ्या दिवशी त्यात पानांचे तुकडेही अडकवलेले. म्हटलं, शहाणपणा बघा, कचरासुद्धा गोळा करतो!

"अगं, रोज कशाला काढतेस?" हे म्हणाले. "आवडत असेल त्याला."

"घाण कुणाला आवडते?"

"मला माझी पेपरांची रद्दी आवडते."

"तेच म्हणते मी."

तो नर फेसाखाली येऊन गाळणीवर धडका मारायचा. बोटभर जीव, पण धडक अशी की दांडा हातात थरथरायचा. मला वाटायचं, किती माजुरडा! कामधंदा काही नाही, नुसता कोपऱ्यात बसून तोंडानं बुडबुडे सोडतो, आणि मध्येच बायकोच्या मागे धावतो. ती बिचारी फिल्टरच्या मागे जाऊन लपायची. मी अंगठीनं काचेवर टकटक करायचे. "ओ जावईबापू! माणसासारखं वागा जरा."

आणि मग तिचं पोट दिसायला लागलं.

बाईला बाईचं कळतं. मी दोन दिवस बाजूनं बघितलं, वरून बघितलं, भिंग लावून बघितलं. शंकाच नको. आणि हा तिला धाप लागेपर्यंत पळवतो आहे! मी जो निर्णय घेतला तो माझ्या आईनं घेतला असता, तिच्या आईनंही घेतला असता. पोरीला माहेरी आणायचं.

माहेर म्हणजे ओट्यावरची काचेची लोणच्याची बरणी. स्वच्छ धुतली, तीनतीनदा पाणी बदललं, तरी झाकण उघडलं की मोहरीचा वास यायचा. जाळीनं तिला अलगद उचललं आणि आणली.

"लोणचं घालतेस का?" हे म्हणाले.

"विश्रांतीला आणली आहे."

"तिला विचारलंस?"

"बाळंतपणाला आणताना कुणी विचारत नाही."

नाशिकची थंडी ती. सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. मला तिची काळजी वाटायला लागली. येणाऱ्या नातवंडासाठी विणलेलं लोकरीचं टोपडं कपाटात होतं. ते काढलं आणि बरणीला घातलं. बंदसुद्धा बांधले. चांगलं बसलं. मग आत काय वाटलं कोण जाणे, बरणीला कुंकवाचं बोटही लावलं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कुणी हसलं असतं तर मी आठवडाभर बोलले नसते त्याच्याशी.

पण लेक काही खुलेना. बरणीच्या तळाशी जाऊन बसली. पर मिटलेले, रंग आणखी उतरलेला, खाणं टाकलं तर वर बघायलाही तयार नाही. तिकडे टँकमध्ये तो एकटा फिरत होता आणि फेस मात्र नेमानं करत होता. मी नेमानं काढत होते. पोटातलं पोटातच राहिलं. माझ्या माहेरात काहीतरी कमी पडत होतं, आणि ते काय, हे मला कळेना. डिंकाचा लाडू तर देता येत नव्हता.

त्या दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला सातवा लागलेला. चेहरा गोल झाला होता, गोड दिसत होती.

"आई, मागे ओट्यावर ते काय आहे?"

"बरणी."

"बरणीवर काय आहे?"

"टोपडं."

"माझ्या बाळाचं?"

"तुझं बाळ कुठे इकडे येणार आहे थंडीचं?" मी म्हणाले. आणि मग थांबता आलं नाही. "ही तरी येते माझ्याकडे बाळंतपणाला. हिचा नवरा बघ कसा आहे, दाखवते. नुसती घाण करतो. हे बघ, कालच काढला, आज पुन्हा!" एका हातात फोन, एका हातात गाळणी, मी टँककडे निघाले.

पडद्यावर लेकीच्या मागून जावयांचा चेहरा आला. त्यांनी फेस बघितला. गाळणी बघितली. मी ती पाण्यात घालणार, एवढ्यात ते म्हणाले,

"आई. गाळणी खाली ठेवा."

मी दचकले. या माणसानं मला कधी "मीठ द्या" असंसुद्धा सांगितलं नव्हतं. गाळणी खाली ठेवली.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीत सांगितलेलं सगळं, पुन्हा, या वेळी कढईशिवाय. तो फेस म्हणजे घर. नर तोंडानं एक एक बुडबुडा सोडून ते बांधतो, पानं लावून ते पक्कं करतो. घर झालं की मादी त्याखाली येते, अंडी देते. घर नसेल तर देत नाही. ती अंडी उचलून घरात ठेवायची ती बापानं. राखायची बापानं. पडलेलं पिल्लू तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवायचं तेही बापानं.

"आणि आई?" मी विचारलं. "तिला माहेरी..."

"पाठवायचंच असतं," ते म्हणाले. "पण अंडी दिल्यानंतर. मग तो तिला जवळ येऊ देत नाही, मारतो. तेव्हा तिला आराम द्यायचा. आत्ता तिला गारठ्यातून काढा आधी. आणि टँकच्या पाण्यात हळूहळू सोडा."

म्हणजे मी काय करत होते? रोज सकाळी चहाच्या आधी एका होऊ घातलेल्या बापाचं घर मोडत होते, आणि वर त्यालाच आळशी म्हणत होते.

लेकीचा चेहरा पडद्यावर परत आला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. ते पुसून ती एवढंच म्हणाली, "कळलं?"

"रेंज जाते आहे," मी म्हणाले आणि फोन बंद केला. रेंज उत्तम होती.

मादी टँकमध्ये परत गेली. टोपडं उतरवलं, कुंकू पुसलं. मी कॉलेज रोडच्या दुकानातून पाण्यावर तरंगणारी वनस्पती आणली, फिल्टरचा जोर कमी केला, म्हणजे पाणी वर हलायला नको. एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती, आणि ती म्हणजे माझाच हात. सकाळी फेस दिसला की तो आपोआप ओट्याकडे जायचा. शेवटी यांनी गाळणी जप्त केली आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केली. दुसरी गाळणी घरात नव्हती. आम्ही तेवढे दिवस चहा चोथ्यासकट प्यालो, दातांनी गाळत. आलेल्या पाहुण्यांनाही तोच दिला. "नवीन पद्धत आहे," हे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे.

आणि ते घर! कुणी मोडत नाही म्हटल्यावर काय बांधलं त्यानं! तळहाताएवढं, बोटभर उंच, काठाला हिरवी झालर. दोन दिवसांत तिची भीती गेली. एका दुपारी ती आपणहून त्या फेसाखाली गेली. तो तिच्याभोवती वळला, अगदी कंकण वळतं तसा, आणि दोघं मिळून हळूच उलटे झाले.

"अहो! बघा, बघा!"

"खासगी गोष्ट आहे ती," हे पेपरामागून म्हणाले. पण पेपराच्या वरच्या काठावर चष्मा दिसत होता.

खसखशीसारखी अंडी तरंगत वर गेली. इकडे तिकडे गेलेली त्यानं तोंडात वेचली आणि एक एक करून घरात नेऊन ठेवली. मी काचेला नाक लावून टाळ्या वाजवत होते. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर येऊन विचारून गेली, काय झालं? म्हटलं, बाळंतपण. तिनं घरात इकडे तिकडे बघितलं आणि हळूच निघून गेली.

मग मादीला माहेरी आणलं, या वेळी छोट्या गरम टँकमध्ये, आणि ती तिथे अशी हादडायला लागली की बघत राहावं. इकडे तो मात्र फेसाखालून हलेना. खाणं टाकलं तर बघेना. मी काचेशी बोट नेलं तर बोटावर धावून आला. हे खुर्ची ओढून तिथेच बसायला लागले. पेपरसुद्धा तिथेच.

एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा ते माशाकडे बघत म्हणाले, "याला बरं घेऊ देतात."

"काय?"

"काही नाही. पोरं."

मी कप तसाच हातात धरून उभी राहिले.

माझं बाळंतपण निफाडजवळ आमच्या गावी झालं. हे तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, आम्ही मनमाडला क्वार्टरमध्ये राहायचो. ड्यूटी संपवून, त्याच गणवेशात, गाडीनं निफाडला उतरून, झबलं घेऊन आले होते लेकीला बघायला. खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "घेऊ का जरा?" तर माझी मावशी म्हणाली, "नको बाबा, लय नाजूक हाय ते. पुरुषाच्या हातून निसटंल." सगळ्या बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. तेव्हाची मी! बाळंत होऊन आठवडा नाही झाला, आणि जणू बाळं जन्माला घालण्याचा कारखाना चालवत होते. ते चहा पिऊन परतीच्या गाडीनं गेले. पुन्हा कधी "घेऊ का" म्हणाले नाहीत. आणि मी वर्षानुवर्षं शेजारणींना सांगत राहिले, की यांना पोरांची आवडच नाही.

पोरं फेसातून बाहेर आली ती जीव नव्हे, शेपटी फुटलेली टिंबं. चांगली पोहायला लागली तेव्हा जावई म्हणाले, आता बापालाही हलवा, फार दिवसांचा उपाशी आहे, गिळायचा एखादं. हे मी लेकीला मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हटलं, माहिती असावी.

पण त्या फोनचं खरं कारण वेगळं होतं.

"बाळंतपण पुण्यात कर," मी म्हणाले.

"आई, तुला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरली आहे? पण डिंकाचे लाडू मी करणार."

"कर."

"आणि अळीव."

"कर."

"आणि ते टोपडं..."

"ते आधी धू. लोणच्याचा वास इथपर्यंत येतोय."

हसले, फोन ठेवला, आणि मग मागच्या खोलीत जाऊन जरा वेळ बसले. बाळंतिणीसाठी आणलेली नवी चादर घडी न मोडता तशीच होती. ती उचलून कपाटात ठेवली. खोटं कशाला सांगू, सोपं गेलं नाही.

नात झाली. पुण्यात. आम्ही दोघं लाडवांचे डबे घेऊन गेलो, पाहुण्यांसारखे, घंटा वाजवून आत. सकाळी जावई बाळाला अंघोळ घालायला बसले. टबात कोमट पाणी, त्यावर साबणाचा पांढरा फेस. मी दारात. ठरवून आले होते की तोंड उघडायचं नाही.

"पाणी जरा..." मी म्हणाले. "मान अशी... नाही, तेल आधी... कानात जाईल हो..." आणि हात पुढे गेलाच.

"आई," आतल्या खोलीतून लेकीचा झोपाळलेला आवाज आला. "गाळणी!"

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आमच्या घरात हा शब्द तेव्हापासून चालतो. अजूनही दिवसातून दोनदा तरी माझ्यासाठी वापरतात.

जावयांनी बाळाला पंच्यात गुंडाळलं. बाळ ओठ काढून रडायच्या बेतात. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या यांच्याकडे.

"बाबा, तुम्ही धरता का?"

यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. कोपरापर्यंत हात धुतले. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसले आणि हात पुढे केले. मी बघत होते. निसटलं नाही. मावशी असायला हवी होती बघायला.

अंगाई कुठून येणार यांना? एकच गोष्ट पाठ. बाळ कुरकुरलं तसे हळू आवाजात सुरू झाले, "नाशिक रोड... ओढा... खेरवाडी... कसबे सुकेणे... निफाड..."

निफाडला जरासे थांबले. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"उगाव... लासलगाव..."

लासलगावला बाळ झोपलं. तरी हे मनमाडपर्यंत गेले.

मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. लेकीची गाळणी नवीकोरी होती, बारीक जाळीची, लांब दांड्याची. चहा एकदा गाळला. मग उगाचच पुन्हा एकदा गाळला. हाताला जरा बरं वाटलं.